कर्नल चालूच होता

माझ्या लग्नाच्या बोलणीत सासरच्या एका काकांनी विचारलं होतं, "मुलगी करते काय?" माझे वडील छाती फुगवून म्हणाले, "कर्नल बनवते." काकांनी मान डोलावली. घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की मुलगी कामठीच्या लष्करी छावणीत आहे आणि पद मोठं दिसतं. लग्नानंतर कित्येक वर्षं नात्यातली पोरं माझ्याकडे बंदूक बघायला यायची.

तर हा कर्नल वेगळा. मोबाईल असो, एटीएम असो, लिफ्टचं पॅनेल असो, प्रत्येकात एक मूळ प्रोग्रॅम असतो. पडदा, बटणं, दिवे, रेडिओ यांच्याशी थेट बोलायचा अधिकार फक्त त्याचा. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणं मांडतात, तो देतो किंवा नाही म्हणतो. त्या मूळ प्रोग्रॅमला कर्नल म्हणतात. चांगला चालत असला तर तो आहे हे कुणाला कळतसुद्धा नाही. मी आयुष्यभर असे कर्नल बांधले. लिहिले नाहीत, बांधले. लिहिणारे जगभर पसरलेले आहेत आणि त्यांचा मजकूर कुणालाही फुकट मिळतो. पण मजकूर म्हणजे यंत्र नव्हे. त्याचं यंत्र करायला हत्यारं लागतात.

मजकुराचा यंत्राच्या भाषेत अनुवाद करणारा कंपायलर, त्यातून निघालेले तुकडे एकमेकांना सांधणारा लिंकर, कोणतं काम आधी नि कोणतं मागून हे सांभाळणारा मेक, ही मोठी मंडळी. त्यांच्या मागे लहानसहान बरीच. त्यात एक नुसती आकडेमोड करणारा चिमुकला प्रोग्रॅम आहे. कर्नलच्या घड्याळाचा एक हिशेब तो करून देतो. तो नसला तर एवढा मोठा डोलारा तिथंच बसतो. कोणतं हत्यार किमान कोणत्या आवृत्तीचं हवं, हे कर्नलसोबतच लिहून आलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत. मिक्सरसोबत आलेलं पुस्तक तरी कोण वाचतं?

आणि बांधून झालं म्हणजे संपलं, असंही नाही. कर्नल चालवायलाही हत्यारं लागतात. ती त्याच्या बाहेर राहतात. डिस्क तपासणारं, जोडलेल्या वस्तूंना नावं देणारं, फोनची लाईन जोडणारं. कर्नल नवा केला आणि ही जुनीच ठेवली, तर कधी कधी सगळं ठाकठीक चालल्यासारखं दिसतं. हे 'दिसतं' फार वाईट.

माझे आजोबा कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, दुरुस्त करणारे फिटर होते. नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याच्या आगेमागेच ते गिरणीत लागले. मी काय करते हे घरात त्यांना एकट्याला पटकन कळलं. म्हणाले, "साचा एकटा चालत नाही वं. आजूबाजूचं सारं चाललं, तं तो चालते."

सुरुवातीच्या वर्षांत गमती फार होत. दूध गार ठेवायच्या टाक्यांचा एक मालक होता. टाक्यांवर बसवलेली आमची पेटी, म्हणजे एक छोटा संगणकच, चालू होईना म्हणून त्याने आधी भटजी बोलावला, मग मला. झालं होतं एवढंच, की आमच्याकडच्या कुणीतरी कर्नलची पुडी, म्हणजे दाबून लहान केलेली फाईल, नव्या तऱ्हेने बांधली होती आणि ती सोडायची रीत पेटीतल्या जुन्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हती. मी जुन्या तऱ्हेने बांधून दिली, पेटी सुरू झाली. मालकाने माझ्यासमोर भटजींना फोन लावून आभार मानले. अशा पुष्कळ गोष्टी सांगता येतील. पण संपादकांनी 'कामाचे अनुभव' लिहा म्हटलं, तेव्हा मनात पहिल्यांदा जो माणूस येऊन उभा राहिला, तो वाडीला भेटलेला एक ट्रकचालक. त्याचंच सांगते.

नागपूरला लागून असलेल्या वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. नाव सांगत नाही. आता ती त्या नावाने राहिलेलीही नाही. आम्ही ट्रकमध्ये बसवायची पेटी बनवायचो. ट्रक कुठं आहे हे पेटी ऑफिसला कळवत राही, आणि अडचणीसाठी तिला एक बटण होतं. बटणावर लाल झाकण. झाकण उचलायचं, बटण आत दाबायचं. दाबलं की ते आतच अडकून राहायचं आणि डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागायचा. पेटी बसवताना आमची माणसं प्रत्येक ड्रायव्हरला सांगायची, "हिरवा दिवा लागला म्हणजे निरोप पोचला. गाडीपाशीच थांबा, मदत येते."

ड्रायव्हर लोकांना पेटी आवडायची नाही. तिला ते जासूस म्हणत. एक शालिक नेवारे मात्र वेगळा. काटोलकडचा, चाळिशी ओलांडलेला, अंगाने किडकिडीत. बटण गुडघ्याला लागतं ही तक्रार घेऊन तो एकदा जिना चढून थेट माझ्या टेबलापाशी आला. मी खाली जाऊन बटणाची जागा बदलून घेतली. तोवर तो प्रश्न विचारत राहिला. ह्याले सोताची बॅटरी काहून आहे? वायर तोडली तं हे मरते का? मी सांगितलं, मरत नाही. उलट वायर निघाली की पहिला निरोप तोच पाठवते, 'वायर निघाली.' तो खूश झाला. म्हणाला, "म्हंजे हे चुगलखोरबी आहे आन् इमानदारबी." त्यानंतर वाडीला गाडी लागली की तो हटकून वर यायचा. कधी प्रश्न घेऊन, कधी नुसताच. बायको मंदा आणि एक मुलगी. मुलीला नर्सिंगला घालायचं त्याच्या मनात होतं.

पुढे कंपनीचे मालक कोलते सरांनी कर्नल बांधायचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. ते लवकर करून देतात म्हणाले. माझ्याकडे बिघडून परत आलेल्या पेट्या तपासायचं काम आलं. वाईट वाटलं, पण पन्नाशीला आलेली बाई नोकरी सोडून कुठं जाणार? नव्या कंपनीने ट्रकमधल्या पेट्यांना फोनच्या लाईनवरून नवा कर्नल पाठवला. पेट्या चालत राहिल्या, नकाशावर ट्रक दिसत राहिले. सर खूश होते.

त्या जानेवारीत शालिक कूलरचे खोके भरून बैतूलकडे निघाला. संध्याकाळी घाटात नकाशावरचा त्याचा ठिपका थांबला आणि मग पुढे काहीच आलं नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात वाटलं, जेवायला थांबला असेल, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी बकऱ्या चारणाऱ्या माणसांना ट्रक दिसला. रस्त्याच्या खाली, झाडांना टेकून, एका कुशीवर. शालिक केबिनमध्ये होता. उजवा पाय मोडलेला, अंगावर ब्लँकेट गुंडाळलेलं, पाठ सीटला टेकवून बसलेला. मोबाईल खाली दगडांत चुराडा होऊन पडला होता. पोटात रक्तस्राव झाला होता. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, हा माणूस रात्रभर जिवंत असावा. वेळेत दवाखान्यात आला असता तर कदाचित वाचला असता.

मला हे ऑफिसात कळलं. मी जिन्यात जाऊन बसले. खाली हमाल माल उतरवत होते, त्यांच्या हाका ऐकू येत होत्या.

चार-सहा दिवसांनी पोलिसांचं काम आटोपलं आणि त्याची पेटी बटणासकट माझ्या टेबलावर आली. तोवर वाडीभर झालं होतं की शालिकनेच वायर काढली होती. डिझेल विकायचं असलं की काही ड्रायव्हर तसं करतात, हे सगळ्यांना ठाऊक. ट्रान्सपोर्टचा मॅनेजर तिवारी मला म्हणाला, "मॅडम, आदमी अच्छा था, लेकिन लालच किसको नहीं होता?" विमा कंपनीलाही तेच हवं होतं. ड्रायव्हरने पेटी बंद केली म्हटलं की जबाबदारी त्याची.

कोलते सर माझ्याजवळ आले. दाराकडे पाहून हळू बोलले. "मॅडम, वायर निघालेली होती, एवढंच लिहून द्या."

पेटीची वायर खरोखरच निघालेली होती. पण ती ओढून तुटली होती. तांब्याचे धागे ताणून बारीक झाले होते. आणि बटण आत दाबलेलं होतं.

मी म्हटलं, "सर, अपघातात तुटली आहे ही. आणि बटण दाबलेलं आहे."

"आपटून दाबलं गेलं असेल."

"त्यावर झाकण आहे. झाकण उचलल्याशिवाय दाबता येत नाही."

मी पुढे म्हटलं, "वायर आधी काढली असती तर 'वायर निघाली' हा निरोप आपल्याकडे यायला हवा होता. तो आला नाही. बटणाचाही आला नाही. घाटात रेंज पूर्ण आहे, तिवारीने विचारून घेतलंय. मग दोन्ही निरोप गेले कुठं?"

"तेच शोधू नका म्हणतोय मी," सर म्हणाले. मग बहुधा आपलेच शब्द कानावर पडून ते ओशाळले. "शोधा. पण आधी मला सांगा."

मी शोधायला बसले. पहिल्यांदा मला तोच कर्नल स्वतः बांधून पाहायचा होता. सारखा दिसणारा नको, तोच. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, बाईंनी भलतंच काहीतरी तपासलं. बाहेरच्या कंपनीने त्यांचा मजकूर आमच्याकडे ठेवलेला होता. त्यांनी वापरला होता त्याच आवृत्तीचा कंपायलर आणला, त्याच आवृत्तीचा लिंकर आणला. पहिल्या खेपेला फरक आला, कारण बांधल्याची तारीख-वेळ आपोआप आत लिहिली जात होती. ती त्यांच्यासारखी केली. मग माझा कर्नल आणि शालिकच्या पेटीतला कर्नल शेजारी ठेवून तुलना केली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एक. आमच्या धंद्यात समाधान असतं ते एवढंच, आणि त्या दिवशी तेही मला गोड लागलं नाही.

मग एक नवी पेटी घेतली. तिच्यात हा कर्नल घातला, बाहेरची हत्यारं शालिकच्या पेटीत होती तीच ठेवली. चालू केली. लाईन जोडली गेली. बटण दाबलं, दिवा लागला, निरोप आला. बंद करून पुन्हा चालू केली, तरी निरोप आला. सगळं उत्तम. दोन दिवस मी त्या पेटीला उकरत होते आणि ती शहाण्यासारखी वागत होती.

आणि मग माझ्या डोक्यात आलं, की माझी पेटी टेबलावर आहे. त्याची पेटी दरीत गेली होती.

गोदामातून लाकडी फळी मागवली. पेटी फळीला स्क्रूने पक्की केली, जमिनीवर रिकामी पोती रचली आणि फळी टेबलावरून पोत्यांवर सोडून दिली. मग बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. समोरच्या संगणकावर निरोप आला नाही. वाट पाहिली. नाही आला. पेटी बंद करून चालू केली, तर आला. पुन्हा फळी सोडली, बटण दाबलं. दिवा लागला, निरोप नाही. पुन्हा. पुन्हा तेच.

काय होत होतं, ते सांगते. जोराचा धक्का बसला की पेटीतला मोडेम, म्हणजे फोनची लाईन सांभाळणारा भाग, क्षणभर बंद पडून परत सुरू व्हायचा. यात वावगं काही नाही. कर्नल त्याला ओळखायचा आणि बाहेरच्या हत्याराला कळवायचा, 'नवी वस्तू आली आहे, हिला नाव ठेव.' घरात मूल जन्मावं आणि बारसं करायला आत्याला बोलवावं, तसं. पण कर्नल नवा होता, त्याची कळवायची भाषा बदलली होती. नाव ठेवणारं हत्यार जुनं होतं, त्याला ती कळायची नाही. पेटी चालू होताना मात्र ते कर्नलच्या सांगण्याची वाट न बघता स्वतःच सगळ्या वस्तूंची यादी वाचायचं, म्हणून तेव्हा अडचण यायची नाही. मोडेम चालू, पण त्याला नाव नाही. नाव नाही म्हणून लाईन जोडणाऱ्या प्रोग्रॅमला तो सापडायचा नाही. तो प्रोग्रॅम आपला जुन्या नावाची वाट बघत बसायचा. कर्नलसोबत नाव ठेवणारं हत्यारही नवं लागेल, हे कर्नलच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं होतं. पण फोनच्या लाईनवरून पाठवायची पुडी लहान राहावी म्हणून बाहेरच्या कंपनीने नुसता कर्नल पाठवला. त्यांच्या टेबलावरही सगळं चाललं असणार. टेबलाला धक्का कोण देतो?

आणि दिवा? दिव्याला या कशाशी देणंघेणं नव्हतं. बटण दाबलं की दिवा लावायचा, हे कर्नल स्वतःच करायचा. कर्नल चालूच होता. पेटीच्या स्वतःच्या बॅटरीवर तो बराच वेळ चालू राहिला असणार.

थोडक्यात, आमची पेटी रोज चालायची आणि फक्त अपघात झाला की मुकी व्हायची.

मी कोलते सरांना बोलावलं. त्यांच्यासमोर फळी सोडली. दिवा लागला. सर संगणकाकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. "किती गाड्यांत आहे हे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर त्यांनाच माहीत होतं. सगळ्या गाड्यांत. त्यांच्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. त्यांनी तिथूनच बाहेरच्या कंपनीला फोन लावला, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या पेट्यांना जुना कर्नल परत पाठवायला सुरुवात केली. त्यात त्यांनी एक मिनिट दवडलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, पुढच्यांचं आपण दुरुस्त केलं. जो गेला तो परत येत नाही. हे बाहेर गेलं तर कंपनी बुडेल. इथली सगळी घरं उघड्यावर येतील, तुमचंही. वायर निघालेली होती, हे खोटं तर नाही ना?"

खोटं नव्हतं. हीच तर त्यातली मेख होती. मी म्हटलं, "सर, मला घरी जाऊ द्या आज."

घरी गेलेच नाही मी. खाली उतरले तर जिन्याच्या तोंडाशी एक बाई उभी होती. सोबत कुणी नाही, हातात कापडी पिशवी. तिनेच विचारलं, "मेश्राम मॅडम तुमीच का जी?" ती मंदा होती. शालिकने माझं नाव घरी सांगितलं होतं.

शेजारच्या पंक्चरवाल्याच्या बाकावर आम्ही बसलो. तिचा आवाज बसलेला होता. पाणी नको म्हणाली.

"मॅडम, मले पैशाचं नाही बोलाचं," ती म्हणाली. "ते भेटन तवा भेटन. गावात लोकं म्हणून राहिले, शालिक डिझेलचोर होता. माही पोरगी कॉलेजात नाही जाऊन राहिली. मले फक्त सांगा, त्यानं वायर काढली का?"

"नाही," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं. वायर अपघातात तुटली. त्याने मदतीचं बटण दाबलं होतं. आमची पेटी बिघडलेली होती. निरोप आलाच नाही."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झालं. मागायला आली ते तिला मिळालं. इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ती चालकाची बायको होती, पेटीची सगळी कथा नवऱ्याकडून ऐकलेली.

"मंग दिवा?" तिने विचारलं. "थो म्हणे, हिरवा दिवा लागला का समजाचं. दिवा लागला होता का नाही?"

मी रस्त्याकडे बघितलं. एक ट्रेलर वळत होता आणि सगळी रहदारी त्याच्यासाठी थांबली होती. या बाईला काय सांगावं? दिवा लागला नाही म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. तपासायला कुणी येणार नव्हतं. पण आम्ही सगळेच तेव्हा आपापल्या सोयीचा अर्धा भाग सांगत होतो. तिवारी, सर, बाहेरची कंपनी. तिलाही मी अर्धंच सांगायचं?

"लागला होता," मी म्हटलं. "दिव्याचा आणि निरोपाचा संबंध राहिला नव्हता. पण दिवा लागला असणार."

ती पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत होती, सोडत होती.

"म्हंजे थो वाट पाहून राहिला होता," शेवटी ती म्हणाली. "मी म्हणो, काहून नसन सरकला? रस्ता वरतंच तं होता. पाय मोडला तरी हात होते ना. आवाज काहून नसन देला? ब्लँकेट घेऊन बसून काहून राहिला?" ती माझ्याकडे वळली. "त्याले वाटलं, कोनी येऊन राहिलं."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. मी जे पाहिलं ते सगळं लिहिलं: फळी, पोती, कर्नल, नाव ठेवणारं हत्यार, दिवा. एक प्रत सरांना दिली, एक मंदाच्या वकिलाला. सरांनी माझ्यासमोर वाचली. म्हणाले, "तुम्ही हेच करणार हे मला माहीत होतं." रागावले नाहीत. त्याच आठवड्यात मला कामावर येऊ नका असा निरोप आला. अपघात दाव्याच्या कोर्टात मी साक्ष दिली. विमा कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, "कर्नल चालू होता असं तुम्हीच म्हणता, मग पेटी बिघडलेली कशी?" मी समजावून सांगितलं. कोर्टाला कळलं असावं. तारखा अजून पडताहेत. कंपनी वर्षभरात विकली गेली. तिथल्या दोघीतिघी मला रस्त्यात भेटतात तेव्हा ओळख दाखवत नाहीत, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मी आता धरमपेठेतल्या एका संस्थेत शिकवते. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांकडून फळी सोडवून घेते. त्यांना वाटतं, बाई विनोदी आहेत.

पण मंदाचं काम तेव्हा पुरं झालं नव्हतं. साक्षीनंतर तिने मला फोन केला. "कोर्टातलं कागदावर राह्यते जी. वाडीच्या चहाच्या ठेल्यावर त्याले चोर म्हनलं, तुमी तिथं सांगा."

मी गेले. भर दुपार, ठेल्यावर ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, वीस-पंचवीस माणसं. मंदा एका बाजूला उभी. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना कर्नल समजावला; इतकं अवघड कधी गेलं नाही. हत्यारं, आवृत्त्या, भाषा, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. दिव्याशी आले तेव्हा चहा ओतणाऱ्याचा हात थांबला.

सांगून झाल्यावर मागून एका ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, ते पेट्या तं अजून बी आमच्या गाडीत हायेत. आता हिरवा दिवा लागला तं थांबाचं का निघाचं?"

पेट्या दुरुस्त झाल्या आहेत, असं मी म्हणू शकले असते. ते खरंही होतं. मी म्हटलं, "निघायचं. दिवा लागो न लागो. सरकता येत असेल तर रस्त्याकडे सरका. हाका मारा. हॉर्न वाजत असेल तर वाजवत राहा. माणूस दिसेपर्यंत मदत येतेय असं समजू नका."

मी ज्या कामात आयुष्य घालवलं, त्याच्याबद्दल मला एवढंच सांगता आलं.

माणसं उठून आपापल्या गाड्यांकडे जाऊ लागली. बाकावर एक वयस्क ड्रायव्हर उरला. डिझेलची गोष्ट पहिल्यांदा त्यानेच उठवली, असं मंदाने मला येताना सांगितलं होतं. त्याने आपला ग्लास उचलला, बाजूला सरकला, बाकावरची जागा हाताने पुसली आणि खाली मान घालून म्हणाला, "बसा वहिनी. चहा घ्या."

मंदा उभीच राहिली.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "माही काटोलची बस निघून जाईन."

आणि ती बसथांब्याकडे चालू लागली.